व्हर्मीर सापडला! (आणि पारख्यांची झोप उडाली)

रंगारीबुवा (धागाकर्ता)

परवा इथल्या खरडफळ्यावर (गप्पांच्या पानावर) कुणीतरी ठासून सांगत होतं की ज्याला खोटं चित्र ओळखता येत नाही तो पारखी कसला. दोन ओळींत उत्तर देण्यासारखा विषय नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

सप्टेंबर १९३७. मोनॅकोत अब्राहम ब्रेडियस नावाचे ८२ वर्षांचे डच गृहस्थ राहायचे. असेतसे नव्हेत. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाचे दोन दशकं संचालक, सतराव्या शतकातल्या डच चित्रकलेत त्यांचा शब्द म्हणजे निकाल. भल्याभल्यांच्या भिंतींवरचे 'रेम्ब्रांट' त्यांनी खाली उतरवायला लावलेले. त्यांच्याकडे बून नावाचे एक वकील, माजी खासदार, मोठं चित्र घेऊन आले. पुनरुत्थानानंतर येशू एमाउस गावात शिष्यांबरोबर जेवायला बसलाय, समोर पाव आहे, आणि शिष्यांना आत्ता उमगतंय की हा कोण, असा प्रसंग. सोबत एक कहाणीही होती: चित्र एका जुन्या घराण्यातलं आहे, मंडळी इटलीत अडकलीत, मुसोलिनीच्या लोकांना कळलं तर जिवावर बेतेल, तेव्हा नावं विचारू नका. बूनसाहेबांना स्वतःला ही कहाणी खरी वाटत होती, हे विशेष. मूळ मालक कोण, चित्र कुठून कुठे गेलं, हे सगळे प्रश्न त्या एका वाक्यात माणुसकीच्या नावाखाली बंद.

ब्रेडियसनी चित्र पाहिलं आणि ते विरघळले. हा तर सतराव्या शतकातला थोर डच चित्रकार योहानेस व्हर्मीर! 'बर्लिंग्टन मॅगझिन' या कलाविषयक मासिकाच्या नोव्हेंबरच्या अंकात लेख आला. अज्ञात, अस्पर्श, चित्रकाराच्या खोलीतून जसं निघालं तसंच, आणि वर हीच बहुधा व्हर्मीरची सर्वश्रेष्ठ कृती, असा सूर. रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयासाठी पाच लाखांहून जास्त गिल्डर (तेव्हाचं डच चलन) जमवून ते विकत घेतलं गेलं. १९३८ च्या प्रदर्शनात साडेचारशे जुन्या डच चित्रांमध्ये सगळी गर्दी याच्यापुढे.

चित्र नुकतंच रंगवलेलं होतं. तेही मोनॅकोच्या सीमेला लागून असलेल्या रोकब्रूनमधल्या एका बंगल्यात, म्हणजे ब्रेडियसच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. रंगवणारा हान व्हान मेगेरेन, डच चित्रकार, जन्म १८८९. हात चांगला, पण समीक्षकांनी 'जुन्याची री ओढणारा' म्हणून निकालात काढलेला.

आता मुद्द्याचं. व्हर्मीर डेल्फ्टचा, १६३२ ते १६७५. चित्रं शिल्लक जेमतेम तीन डझन. बहुतेकांत तीच खिडकी, तोच डावीकडून येणारा उजेड, पत्र वाचणारी नाहीतर दूध ओतणारी बाई. पण १९०१ साली 'मार्था आणि मेरीच्या घरी येशू' हे चित्र व्हर्मीरचं म्हणून उजेडात आलं. आज ते एडिनबर्गला आहे. मोठ्या आकाराचं, धार्मिक, इटालियन वळणाचं. मग विद्वानांच्या डोक्यात चक्र सुरू झालं की तरुणपणी याने अशी आणखी चित्रं काढली असणार, इटालियन चित्रकार काराव्हाज्जिओच्या शैलीचा याच्यावर प्रभाव असणार, मधला दुवा कुठेतरी धूळ खात पडला असणार. आणि काराव्हाज्जिओने काय रंगवलं होतं? एमाउसचं जेवण.

मेगेरेनने ही फट हेरली. खिडकीशी पत्र वाचणारी बाई काढली असती तर शेजारी खरी ठेवून ताडून बघता आली असती. जे चित्र जगात कुठेच नाही, पण असायला हवं असं पारख्यालाच वाटतंय, ते काढलं तर ताडून बघणार कशाशी? त्याहून कहर म्हणजे एकदा 'एमाउस' खरं ठरल्यावर पुढची खोटी चित्रं या खोट्याशी जुळवून खरी ठरली. त्याच जड पापण्या, तेच लांबट चेहरे. 'बघा, एमाउसशी किती साम्य!'

भाग दोन उद्या. हिटलरचा उजवा हात गोरिंग अजून यायचाय.

---

पिंपळपान

रुमाल टाकून ठेवते. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

गावठी_गणपा

आयला, ८२ वर्षांच्या म्हाताऱ्याला गंडवलं यात काय मोठेपण? डोळे गेले असतील बिचाऱ्याचे. बाकीचे काय करत होते?

---

रंगारीबुवा

@गणपा, बाकीच्यांनी पाहिलं होतं! पॅरिसला एका बँकेत हे चित्र ठेवलं होतं तेव्हा ड्यूव्हीन या बड्या व्यापारी पेढीच्या माणसांनी ते पाहून न्यूयॉर्कला तार केली. तारेत ब्रेडियसनी प्रमाणित केल्याची बातमी होती, ९० हजार पौंड किंमत होती, आणि शेवटी दोन शब्दांत निकाल, की चित्र भिकार खोटं आहे. म्हणजे विकणाऱ्या दुकानदारांना पाच मिनिटांत वास आला. पण ती तार खाजगी होती. ज्याचा माल नाही त्याने उगाच दुसऱ्याच्या मालाला नावं कशाला ठेवावीत? धंद्यातली रीत. जाहीर बोलला तो फक्त ब्रेडियस.

---

रसायनवाली

रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते, त्यामुळे या प्रकरणात माझा जीव नुसत्या रसायनात अडकतो. थोडं लिहिते.

तैलरंगाची गंमत अशी की तो वरून काही दिवसांत वाळतो पण आतून पूर्ण कडक व्हायला दशकं लागतात. तेव्हा पारख्यांची सोपी चाचणी होती: कापसाच्या बोळ्यावर अल्कोहोल घ्यायचं आणि कोपऱ्यात हलकेच फिरवायचं. रंग बोळ्यावर आला तर चित्र नवं. मेगेरेनची खरी लढाई या बोळ्याशी होती. जवसाच्या तेलातला रंग भट्टीत तापवला की पिवळा पडतो, फोड येतात. त्याने जवसाचं तेल सोडून लायलॅक या फुलझाडाचं तेल घेतलं आणि त्यात फिनॉल-फॉर्मल्डिहाइड मिसळलं. म्हणजे बेकेलाइट! जुन्या वाड्यांत भिंतीवर काळे गोल स्विच असायचे ना, तेच. शंभर-सव्वाशे अंशांवर भाजलं की रंगाचा थर अल्कोहोलला दाद देत नाही. बोळा स्वच्छ.

कॅनव्हास खरा सतराव्या शतकातला. बाजारात किरकोळ जुनी चित्रं स्वस्तात मिळायची, ती आणून वरचा रंग खरवडायचा, पण तळाचा थर ठेवायचा, कारण त्या थराला आधीच तडे गेलेले असतात. भाजून मग कॅनव्हास नळकांड्यावर गुंडाळला की जुने तडे नव्या रंगातून वर येतात. तड्यांत शतकांची धूळ हवी, तर तिथे काळी शाई. निळ्यासाठी खरा लाजवर्दी दगड, पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा, आणि कुंचले बॅजर या प्राण्याच्या केसांचे. चुकून एखादा केस रंगात अडकला तरी तो त्या काळाला शोभला पाहिजे. काय चिकाटी म्हणायची!

आणि इतकं करून माती कुठे खाल्ली? शाईत. खरी धूळ एकसारखी नसते, तड्यागणिक वेगळी असते. सूक्ष्मदर्शकाखाली याची 'धूळ' अगदी एकजीव दिसली. गोरिंगकडे गेलेल्या चित्रात तर कोबाल्ट ब्लू सापडला, जो एकोणिसाव्या शतकाआधी चित्रकारांकडे नव्हताच. बहुधा लाजवर्दी म्हणून घेतलेल्या मालात कुणीतरी भेसळ करून यालाच गंडवलं. माझा तर्क हो, पण आवडता तर्क आहे.

---

पिंपळपान

रसायनवाली ताई, दंडवत! शेवटचा परिच्छेद फ्रेम करून ठेवण्यासारखा.

---

रंगारीबुवा

भाग दोन.

मे १९४५. युद्ध संपलं. नाझींनी लपवलेल्या मालात दोस्त राष्ट्रांना हेरमान गोरिंगचा संग्रह मिळाला आणि त्यात एक व्हर्मीर, 'येशू आणि व्यभिचारी स्त्री'. कागद मागे मागे नेले तर मीडल नावाचा बँकर, आणि त्याच्या मागे व्हान मेगेरेन. राष्ट्रीय ठेवा शत्रूला विकला, म्हणजे शत्रूशी हातमिळवणी. त्या दिवसांत हॉलंडमध्ये या आरोपाला मृत्युदंडही होऊ शकत होता. २९ मे रोजी त्याला उचललं. काही आठवडे गप्प राहिला. मग जुलैत तोंड उघडलं: तुम्ही म्हणता ते व्हर्मीर नाही, मी काढलंय ते. आणि रॉटरडॅमचं 'एमाउस'सुद्धा माझंच.

कुणाचाच विश्वास बसेना! म्हणजे बघा, आयुष्यभर लोकांना खोटं पटवणाऱ्याला आता खरं पटवता येईना. शेवटी पोलिसांच्या पहाऱ्यात, साक्षीदारांसमोर, त्याने आणखी एक 'व्हर्मीर' काढायला घेतला, मंदिरात पंडितांशी बोलणारा बालयेशू. महिनोन्महिने ते काम चाललं. बेल्जियन रसायनतज्ज्ञ पॉल कोरेमान्स यांच्या समितीने बाकीच्या चित्रांची छाननी केली आणि वर ताईंनी लिहिलेली सगळी भानगड बाहेर आली.

२९ ऑक्टोबर १९४७ ला ॲमस्टरडॅममध्ये खटला उभा राहिला. न्यायालयाच्या भिंतींवर सगळी खोटी चित्रं टांगलेली, आरोपी त्यांच्याखाली बसलेला, आणि ती खरी म्हणणारे तज्ज्ञ साक्षीदारांच्या जागी. शत्रूशी हातमिळवणीचा आरोप गळून पडला होता, राहिली फसवणूक आणि खोट्या सह्या. १२ नोव्हेंबरला एक वर्षाची शिक्षा झाली. ३० डिसेंबरला हृदयविकाराने गेला. ब्रेडियस त्याच्या आधीच, १९४६ मध्ये वारले होते.

---

गावठी_गणपा

गोरिंगलाच चुना लावला की वो गड्यानं! सलाम. पुतळा उभा करायला पाहिजे असल्या माणसाचा.

---

कालव्याकाठचा

हॉलंडात बरीच वर्षं आहे, म्हणून या पुतळ्याला माझा विरोध नोंदवून ठेवतो. हलकेच घ्या, पण पूर्ण घ्या.

'गोरिंगला फसवणारा देशभक्त' ही गोष्ट खटल्याच्या वेळी वर्तमानपत्रांना फार आवडली. पाच वर्षं जर्मनांचा मार खाल्लेल्या लोकांना हसायला काहीतरी हवं होतं. पण हिशेब मांडा. टोपी कुणाकुणाला बसली? आधी रॉटरडॅमच्या संग्रहालयाला. मग युद्धाच्या ऐन मध्यात मेगेरेनचंच 'पाय धुण्या'चं चित्र डच सरकारने बारा लाखांहून जास्त गिल्डर मोजून राइक्सम्युझियमसाठी घेतलं, तेही नीट तपासणी न करता, कारण नाहीतर जर्मन नेतील ही भीती. म्हणजे लोकांची देशभक्तीच याचं भांडवल. शिवाय गोरिंगने रोकडा दिलाच नाही, त्याने शंभरावर चित्रं बदल्यात दिली, त्यांतली बरीच लुटीची. खिशातून त्याचं काय गेलं?

१९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲमस्टरडॅममध्ये लोक ट्यूलिपचे कंद उकडून खात होते. हे महाशय तेव्हा कायझर्सग्राख्त कालव्यावरच्या आलिशान घरात होते. त्याच्या चित्रांच्या पुस्तकाची एक प्रत हिटलरच्या ग्रंथालयात सापडली, आत जर्मनमध्ये 'प्रिय फ्यूरर'ला कृतज्ञतेची अर्पणपत्रिका आणि खाली याची सही. विचारल्यावर म्हणाला, सही माझी, वरचा मजकूर दुसऱ्या कुणी लिहिला असेल. खोट्या सह्यांवर जगलेल्या माणसाने हा बचाव द्यावा! १९२८ पासून दोन वर्षं तो आणि त्याचा मित्र 'द केम्पहान' नावाचं मासिक काढायचे, त्यात आधुनिक कलेला ज्या शिव्या आहेत त्यांचा वास पुढे बर्लिनमधून आला त्याच जातीचा. 'समीक्षकांनी छळलेला बिचारा कलाकार' हेही त्याने स्वतः रंगवलेलं चित्र आहे, आणि ते अजून खपतंय.

'एमाउस' मी प्रत्यक्ष पाहिलंय. आज त्यात व्हर्मीर औषधालाही दिसत नाही. ते चेहरे सरळ १९३० च्या दशकातल्या सिनेमातले आहेत, ग्रेटा गार्बोची आठवण पुष्कळांना होते. तेव्हाच्या लोकांना ते खटकलं नाही, कारण त्यांच्या डोळ्यांना ती नजर रोजची होती.

---

गावठी_गणपा

बरं बाबा, पुतळा रद्द. पण गडी हुशार होता हे तरी मान्य करा.

---

कालव्याकाठचा

ते कुणी नाकारलंय?

---

सावंतमास्तर

गणिताचा निवृत्त मास्तर. हे प्रकरण कितीतरी मुलांना अवकल समीकरणांच्या पुस्तकातून भेटतं, त्यामुळे माझी भर.

कोरेमान्सच्या अहवालानंतरही 'एमाउस तरी खरंच आहे' म्हणणारे होते. व्हान ब्यूनिंगेन नावाच्या धनिकाने मेगेरेनचं 'शेवटचं भोजन' घेतलं होतं. एक्स-रेमध्ये त्याखाली शिकारीचं जुनं चित्र दिसत होतं, तरी गडी हटेना, उलट कोरेमान्सवरच दावा लावला. निकालाआधीच तो वारला, आणि निकाल कोरेमान्सच्या बाजूने लागला. वाद खऱ्या अर्थाने मिटला १९६८ मध्ये, अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात बर्नार्ड काइश यांनी शिशाचं वय काढलं तेव्हा.

युक्ती अशी. पांढऱ्या सफेद्यात शिसं असतं, त्यात किंचित शिसं-२१० हा त्याचा किरणोत्सारी प्रकार. याचं अर्धायुष्य २२ वर्षं, म्हणजे दर २२ वर्षांनी ते निम्मं होतं. खनिजात रेडियम हे दुसरं किरणोत्सारी मूलद्रव्य असतं, ते या शिशाची घट भरून काढत राहतं. धातू गाळताना बहुतेक रेडियम मळीबरोबर निघून जातं, म्हणजे पुरवठा तुटला. मग शिसं-२१० घटत घटत उरलेल्या थोड्या रेडियमच्या पातळीला येतं. तीनशे वर्षांत दोन्हींच्या किरणोत्साराचे आकडे जवळपास सारखे व्हायला हवेत. व्हर्मीरच्या खऱ्या 'लेस विणणारी'त मोजले तर १.५ आणि १.४. जुळले. 'एमाउस'मध्ये ८.५ आणि ०.८! हे चित्र तीनशे वर्षांचं धरून उलटं मोजत गेलात तर सुरुवातीचा आकडा लाखाच्या घरात जातो, आणि इतकं किरणोत्सारी खनिज व्यवहारात मिळत नाही. मुलं फळ्यावर हा आकडा काढून चूप व्हायची. 'सर, मग यांनी आधी का नाही मोजलं?' हा प्रश्न दरवर्षी ठरलेला.

---

पिंपळपान

मास्तर, मस्तच. अवांतर: आपल्याकडे असं काही झालंय का? की आपण फक्त हापूस आणि पैठणीतच भेसळ करतो?

---

जहांगीरचा_कट्टा

@पिंपळपान, झालंय तर. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या एका गॅलरीत सय्यद हैदर रझांच्या सुरुवातीच्या कामाचं प्रदर्शन लागलं. आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह गटातले रझा. उद्घाटनाला स्वतः आले, भिंतीवर नजर फिरवली आणि लक्षात आलं की ही आपली चित्रं नाहीत. प्रदर्शन गुंडाळावं लागलं. चित्रकार हयात होता म्हणून निभावलं. २०११ मध्ये कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथांच्या नावाने लावलेली वीस चित्रं खोटी ठरली, तिथे विचारायला रवींद्रनाथ कुठून आणणार?

सामान्य माणसाला लागणारा फटका मात्र रविवर्म्याच्या छापील चित्रांत बसतो. आमच्या मामांनी एका दुकानातून 'मळवलीच्या प्रेसची अस्सल जुनी सरस्वती' घेतली, कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला. घरी भिंग लावलं आणि खेळ संपला. जुन्या दगडी छपाईत ठिपके हाताने टाकलेले असतात, लहानमोठे, वेडेवाकडे. आजच्या छपाईत ते शिस्तीत, फुलाफुलांच्या जाळीत बसतात. दहा पटींचं भिंग मिळतं दोन-तीनशे रुपयांत. चित्र घ्यायला जाताना खिशात ठेवा, आणि दुकानदाराने भिंग लावू दिलं नाही तर सरळ बाहेर पडा.

---

अनिवासी_अन्या

कालव्याकाठच्या रावांशी सहमत, पण 'ते जुने लोक भोळे होते' असं कुणी समजू नये म्हणून दोन नवी.

जर्मनीचा वोल्फगांग बेल्त्राकी. काम्पेनडोंक या जर्मन चित्रकाराचं हरवलेलं चित्र म्हणून त्याने काढलेलं एक २००६ मध्ये लिलावात २८ लाख युरोंवर गेलं. तिथेही तीच युक्ती: जुन्या यादीत नाव आहे, चित्र कुणी पाहिलेलं नाही. मागे जुन्या संग्राहकाच्या नावाचं लेबल चिकटवलेलं, तेही खोटं. पुरावा म्हणून जुना फोटो, त्यात बायकोलाच आजीचे कपडे घालून बसवलेलं आणि मागे भिंतीवर खोटी चित्रं! पकडला गेला पांढऱ्या रंगामुळे. ट्यूबमध्ये टायटॅनियम होतं, जे काम्पेनडोंकच्या त्या चित्राच्या काळी रंगांत वापरातच नव्हतं, आणि ट्यूबवर ते लिहिलेलं नव्हतं. २०११ मध्ये सहा वर्षं.

आणि न्यूयॉर्कची क्नोडलर गॅलरी, १८४६ पासूनची. शहराच्या क्वीन्स भागातल्या गॅरेजात एक चिनी चित्रकार रॉथको, पोलॉक या अमेरिकी चित्रकारांची खोटी चित्रं काढायचा आणि गॅलरी ती कोट्यवधी डॉलरना विकत गेली. एका पोलॉकवर सहीचं स्पेलिंगच चुकलेलं, एक अक्षर गाळलेलं. तरी गेलं. ८३ लाख डॉलरचा रॉथको घेणारा ग्राहक म्हणजे मोठ्या फॅशन कंपन्या चालवलेला माणूस, त्याला नकली पर्स लांबून ओळखू येत असणार. गॅलरी २०११ मध्ये बंद पडली.

---

गावठी_गणपा

मला एक कळत नाही. चित्र तेच, रंग तेच, काल बघून रडणारे लोक तेच. आज कळलं मेगेरेनचं आहे, तर लगेच भिकार? मग काल रडले ते कशाला?

---

रंगारीबुवा

@गणपा, धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही विचारलात. हे माझं वैयक्तिक मत: व्हर्मीरने तो उजेड पहिल्यांदा शोधला. त्याच्यापुढे कोरा कॅनव्हास होता आणि चुकायची भीती होती. मेगेरेनपुढे तयार उत्तर होतं आणि पकडलं जायची भीती होती. हा फरक चित्रात दिसतो असं मला वाटतं. पण मला उत्तर माहीत असताना दिसतो, हेही तितकंच खरं.

---

रसायनवाली

मला नाही दिसत. मला सूक्ष्मदर्शकातून दिसतो :)

---

कालव्याकाठचा

जाता जाता आणखी एक पात्र, कारण त्याच्याशिवाय हे प्रकरण अर्धवट राहतं. डिर्क हानेमा. 'एमाउस' विकत घेतलं तेव्हा बॉयमन्सचा संचालक हाच. युद्धानंतर जर्मनांशी जुळवून घेतल्याबद्दल कैदेत राहिला, पद गेलं. पण 'एमाउस' खरं आहे हा हट्ट मरेपर्यंत सोडला नाही. पुढे स्वतःचा संग्रह जमवला, त्यातही आपल्याकडे व्हर्मीर असल्याचे दावे. लोक हसायचे. १९७५ मध्ये पॅरिसच्या एका व्यापाऱ्याकडून त्याने एका पवनचक्कीचं चित्र घेतलं आणि सांगत सुटला की हा व्हान गॉग आहे. अर्थात कुणी ढुंकून पाहिलं नाही. १९८४ मध्ये तो गेला.

२०१० मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्हान गॉग म्युझियमने तपासणी करून जाहीर केलं: पवनचक्की खरी आहे. व्हान गॉगने १८८६ मध्ये पॅरिसला काढलेली. आता झ्वोलच्या संग्रहालयात टांगलीय.

---

पिंपळपान

अरे देवा. म्हणजे त्याचे ते बाकीचे व्हर्मीर पुन्हा तपासले का कुणी?

---

कालव्याकाठचा

तुम्हीच लिहा त्यांना पत्र, मी पत्ता देतो.